अर्ध्या वर्षाचा संसार

सुंदररावांच्या घरात नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलणं म्हणजे चोरीच होती. तसा कुणी हुकूम काढला नव्हता. पण सासरे ओसरीवर, सासू चुलीपाशी, दीर-जावा आणि पोरं घरभर, आणि थोरल्यांसमोर बायकोशी बोलणारा गडी म्हणजे बायल्या, ही त्या घरची रीत. त्यांच्या लेकाला, शहादेवला, तहान लागली की तो आईला विचारायचा, "आये, पानी मिळंल का?" आणि दळण संपलंय हे नवऱ्याला कळवायचं असलं की सत्यभामा ते मांजरीला सांगायची. मांजर ऐकून घ्यायची, ओसरीवर शहादेवही ऐकायचा, आणि सकाळी पोतं गिरणीत जायचं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, दोन लेकी उजवून झाल्या, तरी मांजरीचं काम काही सुटलं नाही.

आता कुणी म्हणेल, मग या दोघांचा संसार झाला तरी कुठं? तर तो झाला उसाच्या फडात. दिवाळी तोंडावर आली की परळीजवळच्या सिरसाळ्याच्या आसपासच्या गावांतून बैलगाड्या निघायच्या आणि पार पश्चिमेला, नदीकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दारात जाऊन सुटायच्या. मुकादम तिथं माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. पाडव्याच्या आगंमागं कारखाना बंद झाला की गाड्या परत गावाकडे.

फडावर राहायला कोपी. बांबू वाकवून वर चटया टाकलेल्या, आत जायचं तर कमरेत वाकून. त्या कोपीवर पुष्कळांनी पुष्कळ अश्रू गाळलेत आणि ते काही खोटे नाहीत. तिथले हाल कुत्रं खात नाही. पण सत्यभामाला विचाराल तर ती हसायची. कारण कोपीत ती आणि शहादेव दोघंच. धुरानं तिला ठसका लागतो म्हणून चूल तो पेटवायचा. चहात गूळ इतका घालायचा की चमचा उभा राहावा. बैलांच्या खोड्या सांगायचा, मुकादमाची नक्कल करायचा, आणि तिला नावानं हाक मारायचा. "सत्ये" म्हणायचा. गावात हे नाव त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. आणि दुपारी भाकरी सोडली की ती बांधावर उभी राहून फडाच्या पार दुसऱ्या टोकाला आवाज जाईल अशी हाळी द्यायची, "ओऽऽ, या की जेवायलाऽऽ!" सगळी टोळी हसायची. म्हणायची, सत्यभामाचा भोंगा झाला, आता कारखान्याचा व्हायचाय. तिकडं कॅनॉलला पाणी असायचं, हिरवं असायचं, आणि ती मोठ्यानं बोलू शकायची. तिला याहून जास्त काही नको होतं.

खोकला मात्र तिचा नवऱ्याच्या आधीपासूनचा सोबती. बहात्तरच्या दुष्काळात ती आठ वर्षांची पोर होती. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि ही दगडाच्या ढिगाशेजारी बसून सरकारनं वाटलेली सुकडी खायची. त्या कामावर डांग्या खोकला फिरला. काही पोरं गेली. ही राहिली, पण महिनोन्‌महिने खोकून निळी पडायची, आणि त्यानंतर छाती कधी स्वच्छ झालीच नाही. रोज सकाळी उठायचं, आडोशाला जायचं, आणि घसा फाटेस्तोवर खोकून बेडका काढायचा, हे तिला दात घासण्यासारखं झालं. पाहुणे बघायला आले त्या दिवशी तिनं अख्खा खोकला गिळला. डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, आणि होणाऱ्या सासूला, वच्छलाबाईंना, वाटलं, पोर लाजाळू आहे, चांगली आहे. लग्न ठरलं ते असं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती सत्यभामानं चोवीस वर्षं झाकली. थुंकायचं ते मागच्या दारी राखेवर, आणि वरून पुन्हा राख ओढायची.

मूठ उघडली ती दोन हजार तीनच्या हंगामात. माघातली थंडी होती. मोळी टाकून ती खाली बसली, खोकली, आणि उसाच्या वाळल्या पाचटावर रक्त पडलं. दोन दिवस ती कोपीत निजून राहिली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली. पण टोळीत कुठली गोष्ट लपते?

त्या वर्षी पाऊसही फिरकला नाही. विहिरी कोरड्या, गावात टँकर, बैल चारा-छावणीत. गावात राहून करायचं काय, हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांचे डोळे दिवाळीकडे लागलेले. पोळ्याच्या सुमाराला मुकादम अर्जुनराव कोयते पक्के करायला आले. माणूस वाईट नव्हता. ओसरीवर चहा पिता पिता म्हणाले, "शहादेव, तुजा कोयता पुरा का अर्धा, ते आधी ठरव बाबा. औंदा पुन्ना फडात रगत पडलं तर मला झोप न्हाई लागायची. आंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून या. डाक्टर हो म्हनला तर गाडी तुमचीच."

आत चुलीपाशी सत्यभामानं ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. हा डॉक्टर म्हणजे मोठा मुकादम. तो जोखणार, आणि आपल्याला पास व्हायचंय. मुकादम बघायला आला की माणूस कसा ताठ उभा राहतो, लंगडत असला तरी लंगडत नाही, तसंच तिथं करायचं. दुखणं सांगायला दवाखान्यात जातात हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण दुखणं सांगितलं की दिवाळीला शहादेव एकटा जाणार आणि ती इथं, सहा महिने नाही, बारा महिने मांजरीशी बोलत बसणार, हे तिला त्याहून जास्त कळत होतं.

आंबाजोगाईला पहिल्या खेपेत छातीचा फोटो निघाला, बेडका तपासला. टीबी नाही म्हणाले. लातूरहून छातीचा सीटी स्कॅन काढून आणा म्हणाले, आणि हातात झाकणाचा डबा दिला. एका दिवसाचा सगळा बेडका यात साठवा आणि पुढच्या खेपेला आणा.

सत्यभामानं तो डबा मागच्या दारी ठेवला. सकाळचं जे पडलं ते नेहमीच्या जागी टाकलं. दुपारचंही टाकलं. संध्याकाळचं थोडंसं, दिसायला बरं म्हणून, डब्यात घेतलं. आणि मग ते उघडं बघवेना, चार माणसांत न्यायची वस्तू, म्हणून रीतीप्रमाणे वरून चिमूटभर राख टाकली.

दुसऱ्या खेपेला तपासणीच्या खोलीत होती नीलम्मा. परळीच्या किराणा दुकानदाराची लेक, कमरेवर हात ठेवून बोलणारी. तिनं झाकण उघडलं आणि बघतच राहिली.

"हे काय घातलंय?"

"राख."

"कावून?"

"झाकाया. उघडं कसं आनावं?"

नीलम्मा आधी हसली आणि मग वैतागली. "अहो बाई, यात कोणता जंतू आहे ते बघायचं होतं. आता काय चुलीतला जंतू बघू? दुसरी डबी देते, आत्ता खोकून द्या." आणि डब्यातलं बघून पुन्हा म्हणाली, "दिवसाचं एवढंच?"

"एवढंच," सत्यभामा म्हणाली. दाराजवळच्या स्टुलावर शहादेव टोपी मांडीवर घेऊन बसला होता. तो टोपीकडे बघत राहिला.

मग आलं श्वास मोजायचं, फुंकायचं मशीन. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, समोर पडद्यावर रेघ. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जेवढा आहे तेवढा एका दमात, जोरात, मी थांब म्हणेपर्यंत सोडायचा, असं नीलम्मानं सांगितलं. सत्यभामाला मनातून बरंच वाटलं. फुंकण्यात तिचा हात कोण धरणार? जन्म गेला फुंकणीनं चूल फुंकण्यात. तिनं नळी ओठांत धरली, गाल फुगवले आणि सुरू केलं: फू, फू, फू. हळू, बेतानं, राख उडून डोळ्यांत जाऊ नये असं. पडद्यावर रेघ उठली, पडली, उठली, पडली.

"थांबा, थांबा! चूल पेटवायची नाहीये!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही निम्मा श्वास गालातच राहिला. हाताला लागते तशी सवय तोंडालाही लागते. नीलम्मानं डोक्याला हात लावला आणि मग अचानक विचारलं, "फडात लांबच्या माणसाला हाक कशी मारता?"

सत्यभामानं वळून बघितलं नाही. पण तिनं डोळे मिटले. समोर फड आला, बांध आला, आणि पार त्या टोकाला पाठमोरा वाकलेला शहादेव. तिनं छाती भरली आणि नळीत हाळी दिली. नीलम्मा ओरडत होती, "अजून, अजून, अजून," आणि ती सोडत होती, पोटातलं, बरगड्यांतलं, सगळं. रेघ वर गेली, आणि जेवढी वर जायला हवी होती त्याच्या कितीतरी खालीच वाकून आडवी पडली. ती थांबली आणि खोकला सुटला. असा सुटला की झाकणं-बिकणं काही राहिलं नाही. नीलम्मानं पुढं केलेल्या भांड्यात, नवऱ्यादेखत, सगळं पडलं.

नळीतून औषधाचा फवारा देऊन थोड्या वेळानं पुन्हा फुंकून घेतलं. रेघ फारशी हलली नाही. मग डॉक्टरांनी आत बोलावलं. वयानं तिच्याहून लहान, सावकाश बोलणारे होते. त्यांनी सीटी स्कॅनच्या फिल्मवर डाव्या बाजूला खाली बोट ठेवलं.

"बाई, शेतातला पाट बघितलाय ना? काठ ढासळले की पाणी पुढं जात नाही, तिथंच डबकं होतं आणि कुजतं. तुमच्या श्वासाच्या नळ्यांचं तसं झालंय. लहानपणीच्या खोकल्यानं काठ ढासळलेत. आता मला बघायचंय ते किती. मशीननं एक सांगितलं. बाकीचं तुम्ही सांगायचं."

आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. चालताना दम लागतो?

"न्हाई."

ओझं घेतल्यावर?

"त्याची सवं हाय मला."

वर्षातून कितीदा ताप येऊन खोकला वाढतो?

"एखाद्या टायमाला."

बेडका किती पडतो?

"डब्यात व्हता तेवढाच."

झोप?

"झ्याक."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मशीन एक बोलतंय आणि तुम्ही एक बोलताय. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय, आणि मशीनला काही मिळायचं नाही खोटं बोलून." ते शहादेवकडे वळले. "तुम्ही सांगा. नवरा ना तुम्ही?"

शहादेवनं मान वर केली. परक्या माणसासमोर बायकोविषयी बोलायचं! घरात ज्यानं कधी तिच्याकडं बघून पाणी मागितलं नाही त्यानं! सत्यभामानं पदराखालून हात हलवला, नको, नको असा. ते त्यानं बघितलं. मग जमिनीकडे बघत तो बोलायला लागला.

"उजव्या कुशीवर ती झोपत न्हाई. झोपली की खोकला उसळतो. डाव्या कुशीवर झोपती, धडुत्याचं गठुडं उशाला घिऊन. झोपंत कूस बदलली तर मी तिला परत वळवतो. तिला ठावं न्हाई ते."

डॉक्टरांनी फिल्मकडे बघितलं आणि मान हलवली. "पुढं?"

"सकाळी मागच्या दारी जाती, फडावर कोपीमागं. राखंवर थुकती आन वरून राख वढती. वाटी भरून असतंय. थंडीत हिरवं, उन्हाळ्यात पिवळं."

"तुमाला कसं ठावं?" सत्यभामाच्या तोंडून निघून गेलं.

"ती आत आली की मी जाऊन बघतो," शहादेव जमिनीलाच म्हणाला. "राख सारून. लई वर्सं झाली."

आता तो सुटला होता. न बोलणारं माणूस एकदा बोलायला लागलं की त्याला मध्ये अडवता येत नाही.

"मोळी घिऊन गाडीच्या फळीवर चढायची ती आधी न थांबता चढायची. मग एकदा थांबाया लागली. आता तीनदा थांबती. थांबली की पदर नीट करती, बघनाऱ्याला वाटावं पदर सुटला. मागल्या हंगामात चारदा तापली, तिसऱ्या टायमाला दोन दिस वळखत नव्हती. भाकर अर्धी खाती. उरलेली बैलाला घालती आन मला सांगती खाल्ली. बैल सांगत न्हाई, पर मी बघतो."

सत्यभामा ऐकत होती. तिला वाटायचं, याचे डोळे उसावर असतात, बैलांवर असतात. चोवीस वर्षं तिनं जे जे झाकलं ते ते त्यानं उघडून बघितलं होतं, आणि पुन्हा तसंच झाकून ठेवलं होतं. तिला त्या घटकेला इतका आनंद झाला की छातीत तो मावेना. आणि त्याच घटकेला तिला समजत होतं, की एकेका वाक्यासरशी हा माणूस तिला फडातून बाहेर काढतोय. एवढं प्रेम त्यानं गप्प राहून केलं असतं तर काय बिघडलं असतं?

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. वजन बघितलं, रेघ बघितली, फिल्म बघितली. मग म्हणाले, "आजार मध्यमाच्या पुढं गेलाय. जपलं तर बाई पुष्कळ वर्षं चांगल्या राहतील. पण फड बंद. पाचटाची धूळ, धूर, डोक्यावर ओझं, काही नाही. औषध देतो, आणि रोज दोन वेळा छाती मोकळी करायची. कुणीतरी पाठीवर थापटायला लागेल."

थापटायचं कसं ते नीलम्मानं शहादेवला शिकवलं. डोकं खाली, पाय वर, पालथं झोपवायचं, आणि हाताची ओंजळ करून बरगडीवर हळू हळू वाजवायचं. तो शिकला. सत्यभामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

परतताना परळीच्या स्टँडवर सिरसाळ्याच्या गाडीची वाट बघताना ती फुटली. भोवती माणसं होती, पण ओळखीचं कुणी नव्हतं.

"तुमाला कुनी सांगितलं व्हतं त्वांड उघडाया? चोवीस वर्सं दगडावानी बसलात, आन आजच वाचा फुटली?"

"त्यो इचारत व्हता."

"मग खोटं सांगायचं! मी सांगत व्हते की धडधडीत."

शहादेवनं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "तुजं रगत म्या माज्या हातानं पाचटाखाली झाकलं, सत्ये. पुन्ना मला न्हाई जमायचं."

"मग मी हितं कुनाशी बोलू?"

गाडी आली आणि दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शहादेवनं अंगणात बाज ओढली, पायथ्याच्या खुरांखाली विटा सारल्या, आणि ओसरीवर बाप बसलेला असताना, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला, "सत्ये, ये."

घर जागच्या जागी थांबलं. जाऊबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. वच्छलाबाई बाहेर आल्या. "आरं, जनाची न्हाई तर मनाची तरी लाज धर! आंगनात?"

"डाक्टरनं सांगितलंय, आये," शहादेव म्हणाला आणि ओंजळ करून बायकोच्या पाठीवर थापटायला लागला. सुंदरराव ओसरीवरून उठले, बैलांना बघून येतो म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. बैल महिन्यापासून छावणीत होते. पण म्हातारा तिथं रिकाम्या दावणीपाशी उभा राहिला, थापटण्याचा आवाज थांबेपर्यंत.

आठवडाभरात घराला सवय झाली. माणसाला कशाचीही होते. आणि सत्यभामाला वाटायला लागलं, की फडावरचा संसार अंगणात आलाय. ती पालथी पडून जमिनीशी बोलायची, तो वरून तिच्या पाठीशी बोलायचा. टँकर कधी येणार, धाकटीच्या सासरचं काय, कोणत्या बैलाचा खूर दुखतोय. खोकून झालं की छाती इतकी हलकी वाटायची, जशी तिला कधी आठवतच नव्हती. तिचा राग कधी गेला ते तिलाच कळलं नाही. फक्त दिवाळी जवळ येत होती, आणि ती येऊ नये असं गावात एकट्या तिलाच वाटत होतं.

अर्जुनरावांनी शहादेवला दुसऱ्या गावच्या आप्पारावाशी जोडलं. दोन अर्ध्यांचा मिळून एक कोयता. जाण्याआधी शहादेवनं आईला शिकवायला घेतलं. वच्छलाबाईंचा हात जन्मभर भाकरीवर पडलेला, तो सपाट पडायचा. "आये, भाकर थापायची न्हाई. वंजळ कर, वंजळ." म्हातारी कुरकुरली, पण शिकली. निघायच्या दिवशी गाड्या वेशीत उभ्या राहिल्या, सगळा गाव गोळा झाला. तिथं शहादेवला बोलता आलं नाही ते नाहीच. तो आईलाच म्हणाला, "सकाळ-सांज इसरू नकू." सत्यभामा बायकांत मागं उभी होती. गाड्या हलल्या. शेवटच्या गाडीवर तिच्याच वयाची एक बाई हंडा-कळशी सांभाळत बसली होती, नवऱ्यावर खेकसत होती. सत्यभामाला तिचा एवढा हेवा वाटला की तिनं तोंड फिरवलं.

मग थंडी आली. फोन होता तो गावच्या दूध सोसायटीच्या कचेरीत. महिन्याकाठी शहादेवचा फोन यायचा. सुंदरराव आत जाऊन मोठ्यानं बोलायचे, आणि ती रिकामी किटली घेऊन बाहेर उभी राहायची. बाहेर आल्यावर म्हातारा आभाळाकडं बघत म्हणायचा, "बरा हाय. बैल बी बरे हायेत." एवढंच. त्या एवढ्यावर ती पुढचा महिना काढायची. सकाळी पालथी पडली की डोळे मिटायची. हात सासूचा असायचा, आणि तो तिचा नाही हे पहिल्या थापेलाच कळायचं. एकदा वच्छलाबाई थापटता थापटता थांबल्या आणि म्हणाल्या, "राख सारून बघायचा म्हनं? आमचं आविष्य गेलं बाई, आमचं कुनी ढुंकून बघितलं न्हाई." त्यानंतर त्यांचा हात मऊ पडायला लागला.

संक्रांत होऊन गेली आणि सासू-सुना पुन्हा आंबाजोगाईला आल्या. नीलम्मानं नळी दिली, सत्यभामानं एका खेपेत बरोबर फुंकलं. रेघ आधीपेक्षा थोडी वर गेली होती. वजन वाढलं होतं. ताप एकदाही आला नव्हता. नीलम्मानं टाळी वाजवली. डॉक्टर हसून म्हणाले, "शाब्बास! फार चांगलं आहे."

सत्यभामानं संधी साधली. "मग जाऊ का फडाला? अजून हंगाम हाय."

डॉक्टरांचं हसू कमी झालं. "बाई, ढासळलेला काठ पुन्हा उभा राहत नाही. जे उरलंय ते सांभाळतोय आपण. तिकडं गेलात की हेही जाईल." आणि त्यांनी मागच्यासारखेच प्रश्न काढले.

या वेळी तिनं एकही गोष्ट झाकली नाही. बेडका अर्धी वाटी. टँकरवरून कळशी आणताना एकदा थांबते. भाकर एक खाते. डॉक्टर लिहीत होते.

"आणि रात्री? झोपेत खोकता का? कूस कोणती?"

तिनं सासूकडं बघितलं. वच्छलाबाईंनी शेजारून सांगितलं, त्या आतल्या खोलीत झोपतात, त्यांना काही ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही, अंदाजानं सांगा."

"अंदाजानं न्हाई," सत्यभामा म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिनं तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. "झोपंतलं मला कसं ठावं असंल, डाक्टर? माज्या झोपंतलं त्येंना ठावं असतंय. पाडव्याला येतेल ते. तवर तेवढी जागा मोकळी ठेवा."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि खालच्या ओळीवर गेले.